बाळाचे तास मोजा : खानदेशातल्या बालमृत्यू अन्वेषण समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय बालमृत्यू अन्वेषण समिती,
नंदुरबार, धुळे आणि जळगाव

विषय : सातपुड्यातल्या आदिवासी बाळांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू आणि त्यांच्या अन्वेषणात राहून जाणारी गोष्ट

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी आरोग्य सेविका होते. नोकरीचा बराचसा काळ अक्राणी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर गेला. आता निवृत्त होऊन शहाद्यात राहते. बाळ का दगावलं हे शोधायला तुमच्या बैठकीत ज्या फॉर्मवर चर्चा होते, तसले फॉर्म मी गेलेल्या बाळाच्या घरात, त्याच्या आईसमोर बसून भरलेले आहेत. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. डॉक्टर द्या, गाड्या द्या, रस्ते द्या अशी निवेदनं मंत्रालयात पुष्कळ जातात आणि ती जायलाच हवीत. मी जे मागते आहे ते मात्र तुमच्या टेबलावर, तुमच्याच सहीने होण्यासारखं आहे.

न्यूमोनियाने दगावलेल्या प्रत्येक बाळाच्या फॉर्ममध्ये तासांचा हिशेब लिहा. बाळाचा श्वास वाढल्याचं घरात कधी लक्षात आलं, पहिला माणूस मदतीला कधी आला, अँटिबायोटिकचा पहिला डोस कुठे आणि किती वाजता मिळाला, प्राणवायू कधी लागला. त्याबरोबर जमातीचं नाव, पाड्याचं नाव आणि कुटुंब स्थलांतरित होतं का, हेही लिहा. वर्षाच्या शेवटी हा हिशेब लोकांसमोर ठेवा.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात हजार जिवंत जन्मांमागे ३५.२ बाळं वर्षाच्या आत दगावली. अनुसूचित जमातींमध्ये हाच आकडा ४१.६ होता. पाच वर्षांखालच्या मुलांचं पाहिलं तर देशाची सरासरी ४१.९ आणि आदिवासींची ५०.३. आपल्या राज्याचा अर्भक मृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणीत १६ वर आला, त्याचं कौतुक आपण सगळ्यांनी ऐकलं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. पण जिल्ह्याच्या २०११ च्या लोकसंख्येत जिथे शंभरात एकोणसत्तर माणसं आदिवासी आहेत, त्या नंदुरबारला राज्याच्या सरासरीचं समाधान पुरणार नाही हे तुम्हीही जाणता. आणि पहिला महिना पार केलेल्या बाळाला नेणारा सगळ्यात मोठा आजार कोणता, तर न्यूमोनिया.

आकड्यांत 'अनुसूचित जमाती' हा एकच खण असतो. त्यात नवापूरकडचा मावची येतो, साक्रीचा कोकणी येतो, धडगावचा पावरा, अक्कलकुव्याचा भिल्ल, यावल-रावेरचा तडवी, चोपड्याचा बारेला असे सगळे येतात. नवापूर हायवेवर आहे, रेल्वेवर आहे. डोमखेडी आणि मणिबेली ही गावं नर्मदेवरच्या धरणाच्या बुडिताच्या काठावर आहेत आणि तिथे दवाखाना बोटीने येतो. या दोन ठिकाणच्या बाळांना एका खणात टाकलं की कुणाचं काय चुकतंय ते कधीच दिसणार नाही.

काही डॉक्टर मंडळी म्हणतात, या लोकांची मुलं मुळातच नाजूक, वजन कमी, प्रतिकारशक्ती कमी. वजनाचं खरं आहे. कमी वजनाच्या बाळाला न्यूमोनिया लवकर गाठतो, आणि कुपोषित बाळात ताप किंवा वाढलेला श्वास ही लक्षणं फिकी असू शकतात, त्यामुळे फसगतही होते. पण 'मुळातच' या शब्दावर माझा आक्षेप आहे. रक्तातून आलेली एक गोष्ट आमच्या पट्ट्यात जरूर आहे, ती म्हणजे सिकलसेल, तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. भिल्ल, पावरा समाजात ती मोठ्या प्रमाणात आढळते. सिकलसेलच्या बाळाची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयव, नीट काम करत नाही आणि न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस जंतू त्याच्या जिवावर उठतो. मात्र या बाळाला लहानपणापासून रोज पेनिसिलिन आणि वेळेवर लस दिली तर त्याला वाचवता येतं, हेही वैद्यकशास्त्राला कधीपासून ठाऊक आहे. जन्मताच तपासणी झाली तरच ते शक्य आहे. पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं, लक्षण दिसत नाही, आणि दिसेपर्यंत थांबलो तर पहिलंच लक्षण जीवघेणा न्यूमोनिया असू शकतो. म्हणजे रक्तातला दोषसुद्धा शेवटी तपासणी आणि औषध पाड्यावर पोचलं की नाही, यावरच येऊन ठेपतो.

अमेरिकेतही हाच प्रश्न आहे. तिथल्या मूळनिवासी समाजाची, त्यातही अलास्कातली बाळं आरएसव्ही नावाच्या विषाणूने छाती भरून दवाखान्यात दाखल होतात, आणि तिथल्या इतर बाळांपेक्षा कितीतरी पटीने जास्त होतात. तिथे हे मूळनिवासी समाजाचं वेगळं मोजलं गेलं. अलास्कात संशोधकांनी पाहिलं, तर ज्या भागात कमी घरांत नळाचं पाणी होतं, त्या भागातली बाळं न्यूमोनिया आणि आरएसव्हीने जास्त आजारी पडत होती. हात धुवायला पाणी नसणं हे तिथल्या कारणांपैकी एक निघालं. २०२३ मध्ये निर्सेविमॅब हे आरएसव्हीपासून बचाव करणारं इंजेक्शन आलं. तिथल्या सरकारी यंत्रणेने ते पहिल्या हंगामात आठ महिन्यांखालच्या सगळ्या बाळांसाठी सुचवलं. दुसऱ्या हंगामात ते आठ ते एकोणीस महिन्यांच्या ज्या मुलांना द्यायचं, त्या जास्त धोक्याच्या गटांत मूळनिवासी मुलं नाव घेऊन घातली. मोजलं होतं म्हणूनच नाव घेता आलं. ते इंजेक्शन आपल्याकडच्या कार्यक्रमात नाही आणि मी ते आज मागतही नाही. मोजण्याने काय होऊ शकतं, एवढंच दाखवते आहे.

आता एका फॉर्मबद्दल सांगते. गाव, दवाखाना, माणसं यांची नावं लिहीत नाही.

चार महिन्यांची पावरा मुलगी. पौषातली थंडी. डाब, तोरणमाळकडे ज्या दिवसांत दव गोठतं, ते दिवस. घर कुडाचं, बाळ चुलीजवळच्या झोळीत, कारण ऊब तिथेच. दिवेलागणीला आईच्या लक्षात आलं की पोर दूध ओढत नाही, पोट उडतं आहे. तिने नवऱ्याला आशा ताईकडे धाडलं. आशा ताई बॅटरी घेऊन रात्रीच आली. तिने झबलं वर केलं, पोर रडायची थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघत श्वास मोजले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, वर्ष ते पाच वर्षं ४०. याहून कमी असेल तरच ठीक, हे तिला पाठ होतं. तिचा आकडा सत्तरच्या पुढे गेला. बरगड्यांच्या खालची बाजू श्वास घेताना आत ओढली जात होती. तिने बरोबर ओळखलं. तिच्या पेटीत अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या नव्हत्या. संपल्या होत्या, मागणी दिलेली होती, आलेल्या नव्हत्या.

उजाडताच आई-बाप डोंगर उतरायला लागले. रस्त्याला लागायला साडेतीन तास. जीप दहाला मिळाली. पहिल्या दवाखान्यात पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. तिथे लहान मुलांचे डॉक्टर नव्हते, 'वर न्या' असं सांगण्यात आलं, इंजेक्शन न देताच. १०८ यायला दोन तास. मोठ्या दवाखान्यात पोचायला अंधार पडला. केसपेपर काढताना कुणाला पावरी येईना आणि आईला मराठी धड येईना, तेव्हा आजार कधी सुरू झाला याच्या उत्तरात 'काल' ऐवजी 'चार दिवस' लिहिलं गेलं. पहिलं इंजेक्शन रात्री साडेनऊला गेलं. मुलगी पहाटे गेली.

मी तिच्या घरी फॉर्म भरायला गेले तेव्हा विलंबाचे खण समोर होते. आपल्या सगळ्यांना ते तीन विलंब पाठ आहेत : घरात निर्णयाला उशीर, वाटेत उशीर, दवाखान्यात उशीर. मी समासात एकेक वेळ लिहिली. वर बैठकीसाठी जो गोषवारा तयार झाला, त्यात एकच वाक्य उरलं : कुटुंबाने बाळाला उशिरा आणले. समासातल्या वेळा कुठे गेल्या ते मला कुणी सांगितलं नाही. दिवेलागणीपासून दुसऱ्या रात्री साडेनऊपर्यंत जवळजवळ सत्तावीस तास होतात. त्यातला आईचा निर्णय किती तासांचा होता? अर्ध्या तासाचासुद्धा नव्हता.

भगताबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण बैठकीत ते नाव हमखास निघतं. काही घरं आधी भगताकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे जातात. पोटावर डाग देण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याने बाळाचे हाल होतात, जखम चिघळते, आणि तो बंद झालाच पाहिजे, त्यात मला काडीची शंका नाही. पण भगत रात्री दोनला दार उघडतो आणि आईच्या भाषेत बोलतो. आपण त्याच्याआधी पोचलो नाही तर आई त्याच्याकडेच जाणार. एखाद्या फॉर्मवर 'भगताकडे नेले' असा शेरा आला, तर त्याच्यापुढे आणखी एक ओळ लिहायला लावा : त्या रात्री त्या पाड्यावर औषध होतं का?

औषध असायला परवानगीची अडचण आता नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात जंतुसंसर्गाचा संशय असेल आणि पुढे पाठवायचं असेल, तर आरोग्य सेविकेने जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यावं अशा केंद्राच्या सूचना २०१४ पासून आहेत. २०१९ मध्ये केंद्राची न्यूमोनियाविरोधी 'सांस' मोहीम सुरू झाली, तिच्यात आशा ताईने पुढे पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस द्यायचा आहे. आणि हे सगळं महाराष्ट्राला नवं तरी कुठे आहे? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना आणि निरक्षर दायांना श्वास मोजायला शिकवलं, कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक हातात दिलं, आणि न्यूमोनियाने होणारे मुलांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये १९९० साली छापून आला. ज्या बायांना आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं साधन केलं होतं. आपल्या आशा ताया शिकलेल्या आहेत, त्यांना घड्याळ आहे. त्यांच्या पेटीत गोळ्या आहेत की नाहीत, एवढंच बघायचं आहे.

पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र, याविषयी माझी कळकळीची विनंती आहे. कोविडनंतर हे यंत्र सगळीकडे पोचलं, ते चांगलंच झालं. पण मोठ्या माणसाच्या बोटाची चिमटी बाळाच्या अंगठ्याला लावून आलेल्या आकड्यावर कुणी निर्णय घेऊ नये. बाळाला बाळाचाच प्रोब लागतो, आणि पाय गार असतील तर आधी ते गरम करावे लागतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवून दिलं की यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट होतं. ते रुग्ण मोठे होते, बाळं नव्हती. तरी यंत्र गडद कातडीवर प्राणवायू वाढवून दाखवू शकतं, हे लक्षात ठेवायला एवढं पुरे. आमच्या पाड्यांवरची बाळं सावळी-काळी आहेत. यंत्रावर ९२ दिसलं आणि बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर बरगड्यांवर विश्वास ठेवा. निळेपणा बघायचा तर नखांवर थांबू नका, जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा. समितीने हे एका पानावर लिहून प्रत्येक केंद्रात भिंतीवर लावायला सांगितलं तर खर्च छपाईचा.

धुराबद्दल थोडंच. चुलीचा धूर बाळाच्या छातीला वाईटच. पण नुसता गॅस दिला की न्यूमोनिया हटेल असं समजून आपण सुटू नये. भारतासह चार देशांत गॅस देऊन मोठी चाचणी झाली. बाळांच्या गंभीर न्यूमोनियात म्हणावा तसा फरक पडला नाही, असे तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सिलिंडर हवाच, आईच्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठीही हवा. फक्त त्याच्या नावाखाली गोळ्यांचा प्रश्न बाजूला सारू नका.

स्थलांतराचा रकाना मी का मागते, ते कॅलेंडर घेऊन पाहा. न्यूमोकोकलची लस २०२१ पासून देशभर मोफत आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस. पोळ्याच्या सुमाराला जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस पाड्यावर होतो. दुसऱ्या डोसची वेळ येते डिसेंबरच्या आसपास. तोवर दिवाळी झालेली असते, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि कुटुंब गुजरातेत बारडोलीकडे, सौराष्ट्रात नाही तर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेलं असतं. बाळ फडाशेजारच्या कोपीत झोपतं, वर पाचट, खाली ओल. होळीला माणसं परत येतात तेव्हा आमच्या रजिस्टरला त्या बाळापुढे 'बाहेरगावी' असा शेरा असतो. ते बाळ तिकडे दगावलं तर ना त्या जिल्ह्याच्या समितीत त्याची चर्चा, ना आपल्या. बारडोलीच्या आरोग्य केंद्राला आपल्या जिल्ह्यातून निघालेल्या बाळांची यादी पाठवणं, ही नंदुरबारच्या समितीची शिफारस होऊ शकते. अंगणवाडी ताईकडे अर्धी यादी आधीच असते.

आपल्याला जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरं प्राणवायूसाठी तडफडत होती, तेव्हा नंदुरबारने आधीच उभारलेले प्राणवायू प्रकल्प चालू होते. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः भिल्ल कुटुंबातले, साक्री तालुक्यातले. येणारं संकट त्यांनी आधी ओळखलं आणि तयारी केली. तोच प्राणवायू आता सिलिंडरने किंवा काँसंट्रेटरने मोलगी आणि धडगावच्या पुढे, चांदसैलीचा घाट दरड कोसळून बंद होतो त्या दिवसांतही मिळेल का, हा हिशेब करायला हवा. पावसाळ्यात घाट बंद होणं दरवर्षीचं आहे. ते आपत्ती म्हणून नोंदवण्याऐवजी नियोजनात धरा.

माझ्या मागणीत एक अडचण आहे, तीही मीच मांडते. जमातवार आकडे बाहेर आले की 'पावरा लोक असेच' म्हणणारे पुढे येतील. म्हणूनच नुसती जमात छापू नका, तासांसकट छापा. कोणत्या पाड्यावर पहिला डोस किती तासांनी पोचला हे शेजारी लिहिलेलं असेल, तर जमातीकडे बोट दाखवणाऱ्याला लगेच कळेल की बोट कुठे वळायला हवं. बाळाचं किंवा आईचं नाव कुठेही येऊ देऊ नका. आणि हा तक्ता जिल्हा परिषदेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा पेसा कायद्याखालच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांमध्ये वाचून दाखवा, पावरीत, भिलीत, मावचीत. ज्यांची बाळं गेली त्यांना तो हिशेब ऐकायचा पहिला हक्क आहे. वेळ चुकीची लिहिली असेल तर तेच सांगतील.

आशा तायांवर याचा राग काढला जाऊ नये, ही एक अट मात्र घाला. गोळी नव्हती असं खरं लिहिणाऱ्या आशा ताईला नोटीस गेली, तर पुढच्या वर्षी सगळ्या फॉर्मवर गोळी दिलेलीच दिसेल.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळी झाली की निघतात. त्याआधी तुमची एक बैठक व्हावी आणि तिच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी असाव्यात : प्रत्येक आशा ताईच्या पेटीत आज किती अमॉक्सिसिलिन आहे, गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेलेल्या बाळांचा तासवार तक्ता, आणि बाहेर निघणाऱ्या दोन वर्षांखालच्या मुलांची यादी. जुन्या फॉर्मच्या समासात लिहिलेल्या वेळा कुठे जपून ठेवल्या असतील तर त्याही काढा. मी बोलवाल तेव्हा येईन. श्वास मोजायला शिकवणं मला अजून जमतं, आणि पावरी बोलणाऱ्या दोन आशा ताया माझ्याबरोबर यायला तयार आहेत. त्यांना प्रवासभत्ता मिळावा आणि बैठकीची तारीख आठवडाभर आधी कळवावी, म्हणजे डोंगरावरून उतरायला त्यांना वेळ मिळेल.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
शहादा, जि. नंदुरबार